तिळगुळाच्या खालच्या ओळी

५ जानेवारी, सोमवार

नवी डायरी. लेकीनं, सईनं, कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून आणून दिली, वर मांजराचं चित्र. बेचाळिसाव्या वर्षी मांजराची डायरी! असो. जुन्या डायऱ्या काढून बघितल्या तर पानोपानी 'आज ढोकळा फसला', 'अनुरागला तोयोसुच्या ऑफिसातून यायला उशीर', 'कचऱ्याची चुकीची पिशवी ठेवली, शेजारीणबाईंनी हसत हसत परत आणून दिली'. नवऱ्याच्या मागं येऊन नऊ वर्षं जपानात, निशी-कसाईत राहिलेल्या बाईच्या डायरीत दुसरं काय असणार म्हणा. यंदा मात्र नोकरी आहे. ऑक्टोबरपासून.

नोकरी अशी. कोतो भागात कालव्याच्या काठाला चौदा मजली इमारत उभी राहतेय. तिथं सळया बांधायच्या कामावर आपल्याकडचे सात जण आहेत, सगळे इचलकरंजी-सांगली भागातले. त्यांना जपानी जेमतेम आणि जपानी साहेबांना मराठी शून्य. मधे मी. सकाळी आठला सगळे रांगेत उभे राहतात, त्या हजेरीला चोरेइ म्हणतात. साइटचे साहेब मोरिता-सान आज कुठं काय धोका आहे ते सांगतात आणि मी ते मराठीत ओरडते. ओरडते हाच शब्द बरोबर आहे. शिवाय रोज पहाटे साडेपाचला व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकते, वारा किती, थंडी किती, काय घालून यायचं, कुठून जायचं नाही. माझा नियम आहे, नुसता अंगठा चालणार नाही. काय वाचलं ते आपल्या शब्दांत लिहायचं आणि मगच खोलीबाहेर पडायचं. सुरुवातीला कुरकुरले, आता लिहितात बिचारे.

आज सुट्टीनंतरचा पहिला दिवस. सातांतला शैलेंद्र मफलर हेल्मेटच्या आत कोंबून आला. सगळ्यांसमोर काढायला लावला. "हेल्मेट आहे का टोपडं?" सगळे हसले, तो सोडून.

७ जानेवारी, बुधवार

मोरिता-सानांनी ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत बोलावून चहा दिला. ते स्वतःहून चहा देतात तेव्हा समजायचं, काहीतरी आहे. आधी माझ्या कामाचं कौतुक. मग खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले की पलीकडच्या सुतारांना वाटतं, कासुतुरि-सान आपल्या माणसांना रोज रागावतात. थोडं मऊ बोलता आलं तर बघा.

मऊ! पन्नास फुटांवर काँक्रीटची गाडी घरघरतेय आणि मी मऊ बोलू. तोंडावर 'हो' म्हटलं. वाईट वाटलं हे खरं. आई म्हणायचीच, नाव कस्तुरी ठेवलं आणि तोंड लवंगी मिरचीचं निघालं.

बाहेर आले तर भानुदास. आमच्या सातांतला सगळ्यात मोठा, चाळिशीचा, इचलकरंजीचा. इथं काम सुरू करायच्या आधी प्रत्येक वस्तूकडं बोट दाखवून मोठ्यांदा "योशी!" म्हणतात, म्हणजे बघितलं, ठीक आहे. बाकीच्यांना त्याची लाज वाटते, भानुदासला भारी हौस. पट्टा, योशी. हेल्मेट, योशी. दुपारी डबा उघडला की वांग्याच्या भाजीकडं बोट दाखवूनसुद्धा योशी.

"काय म्हणालं सायेब?"

"म्हणाले, मऊ बोला."

हसला. "तुमी वरडताय ते बरंच हाय ताई. घरात असल्यागत वाटतंय. पर वरसातनं एक दिस तरी ग्वाड बोला की. फुडच्या बुधवारी संक्रांत हाय."

"तिळगुळ आणलात तर बघू."

"आणतो की! रेखानं पार्सल धाडलंय घरनं. तुमी फकस्त वरडू नका त्या दिवशी."

रेखा त्याची बायको. तिचं नाव घेताना मान खाली घालतो, अजून.

९ जानेवारी, शुक्रवार

सई खांद्यावरून माझा मेसेज वाचत होती. "आई, नागाइ," म्हणाली. म्हणजे लांबलचक. मग इंग्लिशमध्ये भाषण, इम्पॉर्टंट पार्ट आधी लिहायचा असतो, खालपर्यंत कोणी जात नाही, स्कूलमध्ये शिकवलंय. म्हटलं, माझे लोक खालपर्यंत जातात. जात नाहीत तर लिहून कसे पाठवतात? बारा वर्षांची कार्टी आईला नोकरी शिकवतेय.

१२ जानेवारी, सोमवार

सुट्टी. दुपारपासून बर्फ. इथं वर्षातून एकदा-दोनदा पडतो आणि सगळं शहर लहान मुलासारखं खिडकीला चिकटतं. सई खाली पार्कात जाऊन मोजे भिजवून आली. अनुरागनं भजी मागितली. केली.

१३ जानेवारी, मंगळवार

बर्फ दिवसभर वितळत राहिला. साइटवर नुसता राडा, पाणीच पाणी. दुपारी तीनला काम थांबवून सगळ्यांना घरी सोडलं.

संध्याकाळी सातला मोरिता-सानांचा मेल. पहाटे उणे तीन होणार. उत्तरेच्या गेटपाशी ट्रकसाठी जमिनीवर लोखंडी प्लेटा टाकल्यात, तिथं ऊन पोचत नाही, साचलेलं पाणी काचेसारखं गोठेल. उद्या ते गेट बंद. सगळ्यांनी दक्षिणेच्या गेटनं यावं. साडेसातला गार्ड आला की प्लॅस्टिकचे कोन लावून रस्ता अडवू. आपल्या माणसांना कळवा.

उत्तरेचं गेट स्टेशनच्या बाजूला, म्हणून झाडून सगळे तिथूनच येतात. दक्षिणेनं यायचं तर सात मिनिटांचा वळसा.

लगेच टाकणार होते. पण उद्याचा संक्रांतीचा मेसेज अर्धा लिहून तयार आहे, फोटोपण शोधून ठेवलाय. दोन-दोन मेसेज कशाला, पहाटे एकातच टाकते. उद्या कस्तुरीताईचं नवं रूप बघून गार होतील सगळे!

१४ जानेवारी, बुधवार, पहाटे

पावणेसहा. टाकला. इथं उतरवून ठेवते, मला स्वतःलाच फार आवडलाय. वर तिळगुळाच्या वाटीचा फोटो, शेजारी हलव्याचे दागिने. खाली:

'सर्व बंधूंना मकर संक्रांतीच्या गोड गोड शुभेच्छा! घरापासून इतक्या लांब राहून तुम्ही जे कष्ट करता त्याचा तुमच्या घरच्यांना नक्की अभिमान असेल. मी रोज ओरडते म्हणून राग मानू नका, ती माझी माया समजा. आज मी कोणालाही ओरडणार नाही हा माझा शब्द! चोरेइनंतर सर्वांनी ऑफिसपाशी थांबावं, तोंड गोड करायचं आहे. आज थंडी जास्त आहे, अंगभर कपडे घालावेत. रात्री पाणी गोठलं असण्याची शक्यता आहे, तरी शक्यतो उत्तरेच्या गेटऐवजी दक्षिणेच्या गेटनं यावं ही नम्र विनंती. तुमची कस्तुरीताई.'

'काय वाचलं ते लिहा' आज मुद्दाम घातलं नाही. सणाच्या दिवशी कुठं मास्तरीण व्हायचं.

सहा वाजून दहा. सातही जणांचे जोडलेले हात आले. भानुदासचे सगळ्यात आधी, सहा वाजून चार मिनिटांनी, आणि सोबत एक हसरा चेहरा. बघा, जमतं की मला गोड बोलायला. काळी साडी नेसावीशी वाटतेय, पण साइटवर कुठली साडी. काळा स्वेटर घालते.

१४ जानेवारी, दुपार, हॉस्पिटल

भानुदास पडला. उत्तरेच्या गेटवर. डोक्याच्या मागच्या बाजूला मार. आत नेलंय, चार तास झाले. मला फॉर्म भरायला बसवलंय. वजन विचारतात, ॲलर्जी विचारतात, मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही. वांग्याची भाजी आवडते एवढंच.

१५ जानेवारी, गुरुवार

शुद्ध नाही. डॉक्टर आकडे सांगतात, मी फोनवरून रेखाला मराठीत सांगते. मऊ बोलते. ती एकच विचारते, "बोलत्यात का वो?"

आज किंक्रांत. आई या दिवशी काही नवं सुरू करू द्यायची नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल-परवा काय झालं ते आज नीट कळलं. लिहून ठेवते, नाहीतर पुढं मीच ते बदलेन.

त्याला आधी पाहिलं धीरजनं. धीरज त्याच्याच खोलीत राहतो, सव्वीस वर्षांचा, सांगलीचा. भानुदास रोज सगळ्यांबरोबर पावणेआठला पोचतो. परवा मात्र एकटाच आधीच्या गाडीनं गेला. मी यायच्या आत माझ्या टेबलावर लाडवांचा डबा ठेवायचा होता त्याला. सात-दहाला गेटवर पोचला. गार्ड साडेसातचा, कोन साडेसातचे. हेल्मेट पाठीवरच्या पिशवीला लटकवलेलं. दोन्ही हातांत डबा. प्लेटेवर पाय ठेवला आणि मागच्या मागं गेला. हात टेकायला मोकळे नव्हते. पाच मिनिटांनी दुसऱ्या कुठल्यातरी कामासाठी लवकर निघालेला धीरज पोचला, तोवर तो तसाच. लाडू सगळीकडं पसरले होते म्हणाला.

हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर मशीनमधून कॉफी काढली आणि धीरजला विचारलं, "तू पण उत्तरेनंच आलास? वाचलं नव्हतंस?"

"काय ताई?"

"दक्षिणेच्या गेटनं या म्हणून."

"मेसेज तर संक्रांतीचा होता ना?"

फोन काढून दाखवला. वाटी, हलवा, 'सर्व बंधूंना', 'कष्ट', 'अभिमान'. तिथं ओळ तुटते आणि पुढं निळ्या अक्षरांत 'आणखी वाचा'. त्याच्यावर बोट टेकवलं तरच खालचं उघडतं. त्यानं टेकवलं नव्हतं. कशाला टेकवेल? सणाच्या दिवशी असले शंभर मेसेज येतात, कोण उघडून वाचतं. मीही नाही वाचत. हात जोडायचे आणि पुढं जायचं.

तिथंच खुर्चीवर बसले. कॉफी धीरजनं हातातून काढून घेतली.

सहांपैकी एकानंही उघडला नव्हता, आणि भानुदासनं उघडला असता तर तो उत्तरेनं गेला नसता. मागाहून एकेकाला विचारलं. बाकीचे पाच बचावले कारण ते पोचेपर्यंत कोन लागले होते.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी अकरा वीसला गेला. फोन मीच केला. तिकडं आठ वाजले होते, कुकरची शिट्टी ऐकू येत होती. रेखानं आधी कुणालातरी गॅस बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, "बोला."

मला पुढचं लिहिता येत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

रिपोर्ट तयार झाला. मोरिता-सानांनी माझा मेसेज आणि त्याखालचे सात जणांचे जोडलेले हात छापून जोडलेत, भानुदासच्या हातांवर पिवळी खूण. सूचना वेळेत दिली होती. कामगारानं पोच दिली होती. कारणाच्या चौकटीत, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. खाली माझ्या शिक्क्याची जागा, इथं सहीऐवजी शिक्का मारतात.

मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला मी कधीच सांगणार नाही. तीन दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं झालं. कागदावर होतं ना, मी सांगितलं होतं म्हणून. शिक्का मारला.

घरी अनुराग म्हणाला, "तू पाठवलंस ना? मग विषय संपला. स्वतःला खात बसू नकोस." सई ताट उचलताना माझ्या पाठीला पाठ लावून क्षणभर उभी राहिली. तिला 'नागाइ' आठवत असेल का? विचारायचं धाडस झालं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

शवपेटी काल गावी गेली. धीरज सोबत गेलाय. कपडे, फोन, चपला, बायकोसाठी घेतलेली एक छत्री, सगळं मी खोलीवर जाऊन भरलं. भिंतीवर गॅसच्या बटणाच्या वर मराठीत कागद चिकटवलेला होता, 'बोट दाखव, योशी म्हण, मग जा'. त्याच्याच अक्षरात.

ग्रुपमधून त्याचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

२४ जानेवारी, शनिवार

रेखाचा फोन. दिवसकार्य चालू आहे, मागं बायकांचे आवाज. घराबाहेर येऊन बोलत होती.

"ताई, कागदावर काय लिवलंय?"

"कसल्या कागदावर?"

"ज्या एजंटानं धाडलं हुतं ना ह्यास्नी, त्यो आल्ता. चार माणसांत म्हणला, त्येंचंच ध्यान न्हवतं, सांगूनबी ऐकलं न्हाई. सासरा गप बसला. मला खरं वाटंना." मग म्हणाली, "गॅसकडं बोट दावल्याबिगर घरातनं भाईर पडत न्हवतं ताई. सुट्टीला आलतं तवा पोरीलाबी शिकवलं. ती अजून शाळंला जाताना दप्तराकडं बोट दावती. तसल्या माणसाचं ध्यान न्हवतं व्हय? तुमी हुता तितं. तुमीच सांगा, सांगून ऐकलं न्हाई ह्येनी?"

मी म्हटलं, "कागद बघून सांगते."

कागद बघून! शिक्का माझा, जोडलेले हात त्याचे. भित्री आहे मी. आवाज तेवढा मोठा.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी चोरेइच्या आधीच मोरिता-सानांच्या खोलीत गेले. चहा देऊ लागले, नको म्हटलं. शैलेंद्रचा फोन मागून घेतला होता, तो त्यांच्यासमोर ठेवला. मराठी त्यांना येत नाही, पण वाटीचा फोटो दिसतो, आणि ओळ कुठं तुटते तेही दिसतं. मी त्या निळ्या शब्दांवर बोट टेकवलं. खालचं सगळं उघडलं. शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, सूचना इथं आहे. हिच्या वर शुभेच्छा आहेत. रोज मी लिहून घेते, त्या दिवशी घेतलं नाही. 'गेट बंद' असं तुम्ही कळवलं होतंत, मी 'शक्यतो' आणि 'नम्र विनंती' लिहिलं. त्या माणसाला सूचना मिळालीच नाही. हा निष्काळजीपणा त्याचा नाही.

"शिक्का मारलाय तुम्ही," हळूच म्हणाले.

"मारला. चुकले. खोडायला आलेय."

ते फोनकडं बघत बसले. स्क्रीन काळी झाली की बोटानं परत जागी करत होते. शेवटी म्हणाले, "मऊ बोला, मी सांगितलं होतं." मग म्हणाले, "आणि कोन. मेल मी सात वाजता लिहिला. तेव्हाच उठून कोन लावून आलो असतो तर वीस मिनिटं लागली असती."

रिपोर्ट पुन्हा लिहिला, आम्ही दोघांनी मिळून. त्यांनी स्वतःचं नाव माझ्या नावाच्या वर घातलं. हेड ऑफिसातून काय येईल सांगता येत नाही म्हणाले, तुमच्याही नोकरीबद्दल आणि माझ्याही. बाहेर आले तर चोरेइची रांग उभी होती. पाचच जण, धीरज अजून तिकडंच, पण भानुदासची जागा मोकळी सोडून उभे.

२८ जानेवारी, बुधवार

दुपारी रेखाला फोन लावला. नवा रिपोर्ट समोर ठेवून ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवला. मग माझ्या शब्दांत सांगितलं. मी लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, रेखा. वर सगळं गोडधोड लिहिलं आणि बर्फाचं तळाला टाकलं. त्यांनी सांगून ऐकलं नाही असं नाही. मी नीट सांगितलंच नाही. एजंटाला आणि तुमच्या सासऱ्यांना हे वाचून दाखवा, खाली माझा शिक्का आहे.

वाटलं होतं शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं.

ती म्हणाली, "ठाव हाय मला ताई. मी वाचलाय त्यो मेसेज."

"कुठं?"

"ह्येनी धाडला हुता मला, त्याच सकाळी. आमच्याकडं रात हुती, मी झोपल्याली. संगं बोलूनबी धाडलं हुतं, थांबा, लावते."

आणि फोनला फोन लावून तिनं मला भानुदासचा आवाज ऐकवला. स्टेशनवरचा असावा, मागं गाडीची घोषणा होती. हसत होता. "रेखा, बग, आमची ताई आज ग्वाड बोलल्या! मी म्हणलं हुतं म्हणून बरं का. आता लाडू ठिवून येतो त्येंच्या टेबलावर, त्या यायच्या आदी."

मी रडले. नवऱ्याला गमावलेल्या बाईच्या कानात मी मोठ्यांदा रडले आणि ती बाई मला "गप, गप" म्हणत होती.

"मी पाचला उठले," ती म्हणाली. "झाडलोट केली, मग फोन बगितला. ह्येंचं काय आलं की मी सगळं वाचते, शेवटपातूर. दोन-दोनदा वाचते. बर्फाचं वाचलं आणि लगीच लिवलं, दक्षिणंच्या गेटनं जावा, जपून. वाट बगत बसले, वाचलं म्हणून निळं कवा हुतंय. हुईना. म्हणलं कामावर असतील."

पाच म्हणजे इथले साडेआठ. तोवर ॲम्ब्युलन्स जाऊन तास होऊन गेला होता.

"फोन घरी आला तवा चार्ज केला," ती म्हणाली, "आणि माझा मेसेज मीच उघडला. मग निळं झालं."

माझी सूचना सगळीच्या सगळी एकाच माणसानं वाचली होती, इचलकरंजीत, झाडलोट झाल्यावर.

फोन ठेवताना म्हणाली, "तुमचं ग्वाड बोलणं ह्यास्नी लई आवडलं बगा ताई. माज्या मनात किल्मिष न्हाई. पर बाकीच्या पोरास्नी तुमी वरडत जावा. मी सांगते म्हणून वरडा."

९ फेब्रुवारी, सोमवार

काल दिवसभर बर्फ. मार्चपर्यंत मला ठेवलंय, मोरिता-सानांची बदली झालीये पण ते या आठवड्यापर्यंत आहेत. कोन त्यांनी काल संध्याकाळी स्वतः येऊन लावले, रविवार असूनही. फोटो पाठवला मला, नारिंगी कोन आणि त्यांच्या बुटांचे ठसे.

पहाटे सव्वापाचला मेसेज टाकला. फोटो नाही, काही नाही.

'बर्फ आहे. उत्तरेच्या गेटनं यायचं नाही. दक्षिणेनं या. हेल्मेट डोक्यावर, हात मोकळे. काय वाचलं ते लिहा. नाही लिहिलंत तर खोलीच्या दारात येऊन उभी राहीन.'

सईला उठवून दाखवला. डोळे चोळत वाचला. "खालपर्यंत दिसतं?" म्हटलं. "दिसतं, आई," म्हणाली. मराठीत म्हणाली. परत झोपली.

ओट्यापाशी उभी राहून वाट बघत होते. तेवढ्यात ग्रुपवर वर अक्षरं आली, भानुदास टायपिंग.

फोन ओट्यावर ठेवला, परत उचलला. मग आठवलं, फोन तिच्याकडं आहे, ती चार्ज करते, घरच्या वायफायवर चालतो. तिकडं पावणेदोन वाजले होते. जागी होती.

त्याच्या नावाखाली तिचे शब्द आले. 'वाचलं. बर्फ हाय. दक्षिणंच्या गेटनं जावा सगळ्यांनी. हात मोकळं ठेवा.'

मग धीरजनं लिहिलं, गेल्या आठवड्यात परत आलाय तो. 'वाचलं वहिनी. दक्षिणेनं जातो.' मग शैलेंद्र. मग बाकीचे एकेक करून, सगळ्यांनी पूर्ण वाक्य लिहिलं. मी बोट ठेवून मोजले. सहा, आणि तो धरून सात.

स्वेटर चढवला, दाराशी गेले, आणि परत आले. गॅसच्या बटणाकडं बोट दाखवलं. योशी काही तोंडातून निघेना. बटण बंद आहे ते दोनदा बघितलं आणि निघाले.